नऊ नंबरच्या बाई

माझ्या नणंदबाईंना त्यांच्या इस्पितळात कोणी नावाने ओळखत नसे. कुठल्याही वॉर्डातून फोन उचलून नऊ फिरवलं की तळमजल्यावर जिन्याखालच्या खोलीत दिवा लागायचा आणि वन्संचा आवाज यायचा. म्हणून त्या नऊ नंबरच्या बाई. चौतीस वर्षं त्यांनी त्या खोलीत काढली. खोलीला खिडकी नव्हती. एक पंखा, एक उंच स्टूल, समोर भिंतभर बोर्ड आणि त्यावर छिद्रांच्या रांगा. एका छिद्रातली दोरी ओढून दुसऱ्यात खुपसली की दोन माणसं एकमेकांशी बोलू लागत. पुढे बोर्ड गेला, बटणं आली, पण बोलता बोलता वन्संचा उजवा हात हवेतली दोरी ओढायचा तो ओढायचाच. आम्ही हसायचो. त्या म्हणायच्या, "हसा. तुम्ही झोपेत हजेरी घेता, ते दादाने मला कधीच सांगितलंय."

दादा म्हणजे त्यांचा भाऊ, माझे यजमान. मी प्राथमिक शाळेत शिकवायचे, तेव्हा हजेरीचं अगदीच खोटं नसावं.

वन्संनी लग्न केलं नाही. कोणी विचारलंच तर ‘लाइन बिझी होती’ एवढंच उत्तर असे. खरं कारण वेगळं होतं. आई अंथरुणाला खिळलेली, भाऊ नुकता संसाराला लागलेला आणि यांची पाळीची नोकरी. ते त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही मटार सोलताना, मान वर न करता. नंतर लगेच माझ्या वाटीतल्या किडक्या शेंगा दाखवून मला बोलल्या.

कामाच्या बाबतीत मात्र त्यांची जीभ फार सांभाळून चाले. फोनवर ‘मला माहीत नाही’ असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. ‘थांबा, जोडून देते’ म्हणायच्या आणि जोडूनच द्यायच्या, मग त्यासाठी तीन ठिकाणी विचारावं लागलं तरी. एक म्हातारी बाई नवरा गेल्यावरही दोन-अडीच महिने रोज चार वाजता त्याच्या वॉर्डाचा नंबर मागत असे. वन्संनी एकदाही तिला ‘ते गेले हो’ असं सांगितलं नाही आणि वॉर्डालाही जोडलं नाही. स्वतःच दोन मिनिटं बोलायच्या. जेवलात का, औषध घेतलंत का, आज कोणी आलं होतं का. एक दिवस बाईंचा फोन आला नाही. वन्संनी दुसऱ्या दिवशी वाट पाहिली, तिसऱ्या दिवशी पाहिली, आणि मग घरी येऊन न जेवता झोपल्या.

त्यांच्या खोलीत एक नियम होता, तो ऐकून ऐकून मलाही पाठ झाला होता. पलीकडे कोणी उचलत नसेल तर दहा घंट्या होऊ द्यायच्या. मग ठेवायचं, दोन श्वास थांबायचं आणि पुन्हा लावायचं. असं तीनदा. तरीही नाही उचलला तर वहीत ‘उत्तर नाही’ असं लिहून पुढच्या कामाला लागायचं. निवृत्त झाल्यावरही त्या घरून फोन लावायच्या तो याच हिशेबाने. मी न्हाणीघरात असले तर पहिल्या दहा घंट्या सोडून द्यायचे. पुढच्या दहा येणार, हे ठाऊक असायचं.

यजमान गेल्यावर आम्ही दोघीच उरलो. आम्हाला मूलबाळ नाही. वन्सं शहराच्या दुसऱ्या टोकाला, दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहायच्या, मी इथे. एकत्र राहावं असं कधी त्यांनी म्हणावं, कधी मी, पण दोघींनाही आपापली भांडी आपापल्या जागी लागत. त्याऐवजी रोज संध्याकाळी सात वाजता त्यांचा फोन यायचा. विषय काय, तर काही नाही. दुधात पाणी किती, वरच्या मजल्यावरच्यांनी पलंग कुठून कुठे सरकवला, रविवारच्या प्रवचनात फादर किती वेळा घसरले. मी दिवसभरात काही मजेशीर पाहिलं की मनात म्हणायचे, हे सातला सांगायचं. डायरी मी शाळकरी वयापासून लिहीत आले आहे, पण यजमान गेल्यानंतरच्या सहा वर्षांतल्या डायऱ्या पाहिल्या तर पानं निम्मी रिकामी आहेत. सांगायचं ते सांगून झालेलं असायचं.

धर्माच्या बाबतीत आमचं जमत नसे. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. उपवासकाळ म्हणजे राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतचे चाळीस दिवस, आणि त्यात काहीतरी सोडायचं ते मनापासून. आमच्या एक सिस्टर म्हणायच्या, जे सोडताना दुखत नाही तो त्याग नव्हे, ती काटकसर. ते माझ्या मनात जे बसलं ते बसलंच. मी चहा सोडलेला आहे, साखर सोडलेली आहे, एका वर्षी उशी सोडली होती आणि मान धरली होती. वन्सं रविवारच्या मिस्सेला यायच्या, पण शेवटच्या बाकावर, आणि प्रवचनात डुलक्या घ्यायच्या. उपवासकाळात त्या दर वर्षी मुळा सोडायच्या. मुळ्याचा वासही त्यांना सहन होत नसे. "चाळीस वर्षांत शब्द मोडला नाही," असं वर अभिमानाने सांगायच्या.

त्या वर्षी राखेच्या बुधवारी आम्ही दोघी चर्चमधून बाहेर पडलो, कपाळावर राखेचा क्रूस घेऊन, आणि फाटकाशी रिक्षाची वाट पाहत उभ्या राहिलो. साथ तेव्हा वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर होती. कुठल्यातरी लांबच्या देशात माणसं मरत होती आणि आपण मान हलवून पान उलटत होतो. वन्संनी विचारलं, या वर्षी काय सोडणार. मी म्हटलं, चहा.

"चहा तर तुम्ही दर वर्षी सोडता, वहिनी. सवयच झालीय ती. तुमच्या सिस्टरांना काय चालेल सांगू? तुम्हाला जगात सगळ्यात गोड काय लागतं? माझ्याशी बोलणं. ते सोडून दाखवा."

मी रागावले नाही, पण लागलं. लागलं, कारण खरं होतं. घरी येईपर्यंत माझं ठरलं होतं. त्या रात्री सातला फोन आला तेव्हा मी त्यांना सांगून टाकलं की हा शेवटचा. आता फोन ईस्टरला. त्या हसत सुटल्या. मग हसणं थांबलं. मी थट्टा करत होते हो, असं म्हणाल्या. मी म्हटलं, मी करत नाही. मग त्यांनी विचारलं, की रविवार तर चाळीस दिवसांत धरत नाहीत ना? धरत नाहीत, तो मोजणीतच नसतो. तेवढी पळवाट त्यांनी शोधून काढली, आणि खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. रविवारी सातला बोलायचं, बाकी सहा दिवस फोनला हात लावायचा नाही.

पहिले तीन आठवडे असे गेले. दुखत होतं, म्हणून मला वाटत होतं की बरोबर चाललंय.

मग साथ आतल्या पानावरून पहिल्या पानावर आली आणि तिथून आमच्या रस्त्यावर. दुकानासमोर खडूने गोल काढले, एका गोलात एक माणूस. चर्चच्या फाटकाला साखळी लागली. फाटकावर फादरनी स्वतःच्या हाताने लिहिलेला कागद चिकटवला होता: या दिवसांत साठीच्या पुढच्या आणि आजारी माणसांनी उपवास किंवा कोणताही कडक नेम करू नये, देव समजून घेईल. दूध घ्यायला बाहेर पडले तेव्हा तो मी गोलात उभं राहून वाचला. घरी येऊन डायरीत उतरवूनही घेतला. खाली लिहिलं, ‘सूट ज्यांना हवी त्यांच्यासाठी.’

ते वाक्य मी आज पुन्हा वाचलं. अक्षर फार सुंदर आहे.

पाचव्या रविवारी वन्संचा आवाज जरा बसलेला होता. मी विचारलं. त्या म्हणाल्या, घसा खवखवतोय, चौतीस वर्षं वापरलेला माल आहे, झिजायचाच. मी त्यांना मिठाच्या पाण्याने गुळण्या करायला सांगितल्या. त्यांनी मला खालच्या मजल्यावरचे शिंपी टाळ्या वाजवून चिठ्ठ्या कशा वर पाठवतात ते सांगितलं. पाऊण तास बोललो. ठेवताना त्या म्हणाल्या, "अजून एकच आठवडा ना, वहिनी? मग झावळ्यांचा रविवार. मग काय, संपलंच." एवढंच. मी फोन ठेवला आणि गुळण्यांचं डोक्यातून गेलं.

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास मी क्रुसाची वाट करत होते, म्हणजे येशूच्या वधस्तंभापर्यंतच्या वाटेवरच्या चौदा स्थानांची प्रार्थना. चर्च बंद, म्हणून घरीच, पुस्तिका हातात घेऊन, टेलिफोनशेजारच्या खुर्चीत, कारण उजेड तिथे चांगला येतो. सहाव्या स्थानावर होते. एक बाई गर्दीतून पुढे होते आणि आपल्या रुमालाने येशूचं रक्ताळलेलं तोंड पुसते, ते. फोन वाजला.

दहा घंट्या झाल्या आणि थांबला. दोन श्वास. पुन्हा दहा.

वन्सं आहेत हे मला तेव्हाच कळलं. जगात दुसरं कोणी असा फोन लावत नाही. माझा हात फोनवर नव्हता, पण फार लांबही नव्हता. मनात काय आलं ते लपवणार नाही. मला राग आला. पाच आठवडे निभावलं, दहा-बारा दिवस उरले, आणि आता यांना धीर धरवत नाही. बघू या वहिनी मोडतात का, असं चाललंय. मी सहावं स्थान पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं. तिसऱ्या वेळच्या दहा घंट्या मी मोजल्या. दहाव्या घंटीनंतर घर इतकं शांत झालं की स्वयंपाकघरातल्या नळाचं ठिबकणं ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी एकदा फोन वाजला, पाच-सहा घंट्या, आणि बंद पडला. तो वन्संचा नव्हता. तोही मी उचलला नाही. नेम तो नेम.

मंगळवारच्या पानावर असं आहे: ‘सकाळी फोनचा मोह. तीस घंट्या. देवकृपेने टाळला.’

झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी, झावळ्या नव्हत्या, मिस्साही नव्हती. मी सकाळपासून सात वाजायची वाट पाहत होते आणि मंगळवारबद्दल त्यांना काय टोमणा मारायचा ते जुळवत होते. सातला फोन आला नाही. सव्वासातला मी लावला. दहा, पुन्हा दहा, पुन्हा दहा. मग खालच्या शिंप्यांचा नंबर शोधला. ते म्हणाले, तुम्हाला माहीत नाही? बाईंना मंगळवारी नेलं. दोन दिवस ताप होता. त्यांनीच आपल्या जुन्या इस्पितळाचा नंबर लावून गाडी बोलावली. पिशवी स्वतः भरली. माणसं घाबरून दारं लावून बसली होती, तेव्हा जिना त्या एकट्या उतरल्या, प्रत्येक वळणावर बसत. शिंपी दाराच्या फटीतून म्हणाले होते, की तुमच्या भावजयीला कळवू का? वन्सं म्हणाल्या, मी आत्ताच लावून बघितलं, नका त्रास देऊ, आज मंगळवार आहे.

हे सांगताना शिंपी गोंधळले होते. मंगळवारचा काय संबंध, ते त्यांना कळलं नव्हतं. मी सांगितलं नाही.

इस्पितळाचा नंबर लावला तेव्हा जिन्याखालच्या खोलीतून एका तरुण मुलीचा आवाज आला. मी वन्संचं नाव सांगितलं. ती यादी पाहू लागली. मी म्हटलं, तुमच्या नऊ नंबरच्या बाई.

ती म्हणाली, "आमच्या बाई? त्या इथे आहेत? पाच दिवस?" आणि मग कागदाचा आवाज आला, आणि तिचा स्वर बदलला. "तुम्ही कोण त्यांच्या? इथे नातेवाईक म्हणून एक नंबर आहे, पण पुढे ‘उत्तर नाही’ असं लिहिलंय."

मी नंबर विचारला नाही.

त्या दिवसांत वॉर्डात कोणाला जाऊ देत नव्हते. ज्यांचे नातेवाईक फोन करत त्यांचे निरोप एक नर्स रोज संध्याकाळी खाटेखाटेशी जाऊन वाचून दाखवी. कोणाची नातवंडं, कोणाचा नवरा. वन्संच्या खाटेशी ती पाच दिवस थांबली नव्हती, कारण वाचायला काही नव्हतं. हे मला त्या मुलीनेच पुढे सांगितलं. वाईट हेतूने नव्हे. तिला वाटलं मला माहीत असावं.

पवित्र सप्ताहात मी रोज फोन केला. सोमवार, मंगळवार, बुधवार. नेमाचं काय झालं ते विचारायला कोणी नव्हतं. ती मुलगी प्रत्येक वेळी ‘थांबा, जोडून देते’ म्हणायची, अगदी वन्संच्याच सुरात, आणि एखादी नर्स फोन वन्संच्या कानाशी धरायची. त्यांना बोलता येत नव्हतं. नळीतून हवा जाते तिचा आवाज येई. मी बोलायचे. दुधात पाणी किती, पलंग कुठून कुठे. टीव्हीवरच्या शाळेच्या बाईसारखं बोलत होते, समोर वर्ग नसताना. शुभ शुक्रवारी तीन वाजता, येशूच्या मरणाच्या घटकेला, ज्या वेळी मी एरवी गुडघ्यांवर असते, मी त्यांना मुळा किती महाग झालाय ते सांगत होते.

वन्सं वाचल्या. ईस्टरनंतर अठराव्या दिवशी त्यांना सोडलं आणि मी त्यांना सरळ माझ्याकडे आणलं. आता दोघींच्या भांड्यांचा प्रश्नच उरला नव्हता. पण आवाज परत आला नाही. एक खरखरता, श्वासाश्वासाला तुटणारा आवाज तेवढा राहिला; चार शब्द बोलल्या की थांबायच्या. दिवसभर खिडकीशी बसायच्या. फोन वाजला तर मी उचलायची वाट पाहायच्या.

आल्यानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी मी त्यांचे केस विंचरत होते. त्या समोर भिंतीकडे बघत म्हणाल्या, "मंगळवारी घरी नव्हतात का, वहिनी?"

माझ्या हातात फणी होती. एक गाठ सुटत नव्हती. मी त्या गाठीकडे बघत म्हटलं, "न्हाणीघरात होते हो. पाण्याचा आवाज. ऐकूच आला नाही."

"तिन्ही वेळा?"

"तिन्ही वेळा."

त्या जरा थांबल्या. श्वास घ्यायला थांबल्या असतील. मग म्हणाल्या, "असेल."

वन्संनी चौतीस वर्षं न उचललेले फोन ऐकले होते आणि न उचलणाऱ्यांची कारणंही ऐकली होती. माझं कारण त्यांनी कुठल्या खणात टाकलं ते मला कळलं नाही. त्यानंतर दोन वर्षं त्या माझ्या घरात राहिल्या. त्यांच्याशी मी काय काय बोलले नाही! पण हे एक नाही. पुष्कळदा ओठांवर यायचं. मग त्यांना खोकला यायचा, किंवा दूधवाला यायचा, किंवा त्या इतक्या निवांत दिसायच्या की वाटायचं, आता कशाला जुनं उकरायचं. स्वतःच्या सोयीला आपण दया म्हणतो, ते मी त्या दोन वर्षांत शिकले. फादरजवळ पापनिवेदनात मात्र सगळं सांगितलं. ते तरुण आहेत, दयाळू आहेत. म्हणाले, नेम पाळणं हे पाप नव्हे, आणि खोटं बोललात ते त्यांना दुखवू नये म्हणून. प्रायश्चित्त म्हणून तीन प्रार्थना दिल्या. मी त्या चर्चच्या पायऱ्या उतरेपर्यंत म्हणून संपवल्या. क्षमा फादरनी केली. जिच्याकडे मागायची होती तिच्याकडे मी मागितलीच नाही.

त्यांच्या शेवटच्या उपवासकाळात, राखेच्या बुधवारी, फादर घरी येऊन दोघींच्या कपाळाला राख लावून गेले. ते गेल्यावर वन्संनी मला विचारलं, या वर्षी काय सोडताय. मी म्हटलं, साखर.

"बरं," त्या म्हणाल्या. श्वास घेतला. "साखर हाका मारत नाही."

त्या हसत होत्या. तोंडभर, पूर्वीसारख्या, फक्त आवाजाशिवाय. मीही हसले. तो हसण्याचा प्रसंग नव्हता; ते दार त्यांनी माझ्यासाठी उघडून धरलं होतं, आणि मी उठून त्यांच्यासाठी चहा ठेवायला गेले. परत आले तेव्हा त्यांचे डोळे मिटलेले होते. कप खुर्चीजवळ ठेवला आणि वर बशी झाकली.

तीन महिन्यांनी त्या गेल्या, दुपारी, झोपेत. दफनाला इस्पितळातली बरीच माणसं आली. ती जिन्याखालच्या खोलीतली मुलगीही आली होती. मी तिला पहिल्यांदाच पाहिलं. तिने माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, शेवटपर्यंत तुम्ही सांभाळलंत, बाई नशीबवान. आजूबाजूच्या बायकांनीही माना डोलावल्या. आमच्या धर्मग्रामात, म्हणजे या चर्चच्या लोकांत, अजून कोणाच्या घरी धुसफूस झाली की आमचं उदाहरण देतात: नणंद-भावजय असाव्यात तर अशा.

मी ऐकून घेते. कोणी अगदीच आग्रह केला तर हो म्हणते.